अर्ध्यावर सोडलेला सिनेमा

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकही सिनेमा वेळेवर पुरा पाहिला नाही. डिचोलीच्या बाजारात त्यांचे खिळे, कड्या आणि कुलुपांचे दुकान होते. नव्या सिनेमाची गाडी कर्णा लावून समोरून गेली की ते रस्त्याकडे पाठ करून कुलुपे पुसायला घेत. "नवा सिनेमा म्हणजे नवा तांदूळ," ते सांगत. "लवकर शिजतो, पण गिचका होतो. जुना होऊ द्या, मग शीत न् शीत वेगळं होतं." त्यामुळे गाव एखाद्या सिनेमाची गाणी म्हणून थकले, नटाचे पोट सुटले, नटी आईच्या भूमिका करू लागली, की मग घरमालक इस्त्रीचा सदरा घालून, काखेत छत्री मारून तो पाहायला निघत. फिल्म झिजून पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडत असला तर त्यांना अधिक आनंद होई. ज्या सिनेमावर एकही ओरखडा नाही तो काय सांगणार, असे त्यांचे मत होते.

मी तेव्हा पणजीच्या एका दैनिकाचा डिचोलीतला वार्ताहर होतो आणि त्यांच्या घरातल्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला घराचा नियम सांगितला. "या घरात मराठी बोलायचं. तुमचं वर्तमानपत्र मराठी, आमच्या दुकानाची पाटी मराठी." मराठीच्या बाजूची एकही सभा त्यांच्या भाषणाशिवाय पार पडत नसे. सभेहून घरी आले की मात्र ते मांजराला "गो पिशें, वच भायर!" म्हणत आणि त्याच दमात स्वयंपाकघराकडे तोंड करून "च्या हाड गो" म्हणत. त्यांची पत्नी, जिला मी काकी म्हणत असे, कप ठेवता ठेवता मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "भाशणाक मराठी आनी च्याक कोंकणी." घरमालक ऐकले नाही असे दाखवून बशीत चहा ओतत.

सिनेमाबद्दलचे मत बदलण्याचा अधिकार ते तहहयात राखून ठेवत. मी खाणीवरच्या अपघाताची बातमी लिहीत बसलेलो असताना ते दारात येऊन सांगत, "त्या सिनेमातला सावकार वाईट नव्हता. मी तेव्हा तरुण होतो, मला कळलं नाही." कोणत्या सिनेमातला, हे विचारण्याची सोय नसे. एकदा तर म्हणाले, "तुम्ही चुकीची दुरुस्ती छापता ना? मग माझं एक मत दुरुस्त करून छापा." मी म्हटले, मूळ मत आम्ही छापलेच नव्हते. "छापलं नसेल. पण पुष्कळांनी ऐकलं होतं," असे म्हणून ते गेले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, एवढे मात्र माझ्या लक्षात राहिले.

त्यांची दुसरी सवय अशी की सिनेमाच्या मध्यंतरात ते जागचे हलत नसत, आणि दुसऱ्यालाही हलू देत नसत. पेडण्याकडे पार्सेला एका उन्हाळ्यात तंबूतला सिनेमा आला होता. सिनेमा पुरेसा जुना असल्याने आम्ही डिचोलीहून बस बदलत तिथवर गेलो. मध्यंतरात दिवे लागले तसा शेजारचा माणूस उठला. सावंतवाडीकडचा ट्रक ड्रायव्हर, कपड्यांवर पाळी गावच्या खाणीची लाल धूळ. घरमालकांनी त्याची बाही धरली. "बसा. अर्ध्यावर उठू नका. पुढे जन्मभर त्रास होतो." ड्रायव्हर क्षणभर गोंधळला. मग बाही सोडवून घेत म्हणाला, "अवो काका, मी मुताक चाललंय! परत येतंय!" तंबू हसला. घरमालक हसले नाहीत. ड्रायव्हर परत येईपर्यंत त्याच्या खुर्चीवर छत्री ठेवून बसले.

याचे कारण मला काकीने सांगितले. लग्नानंतर नव्यानेच घरमालकांनी तिला म्हापशाला एक कोंकणी सिनेमा दाखवायला नेले होते. पहिल्याच आठवड्यात, थिएटर भरलेले. पडद्यावरची बाई चुलीपुढे बसून मासळी, पाऊस आणि सासू यांविषयी बोलत होती, अगदी डिचोलीजवळच्या मुळगावातल्या कुठल्याही घरात बोलतात तशी. घरमालक तेव्हा मराठीच्या चळवळीत नवे आणि तापलेले होते. मध्यंतर झाले तसे उभे राहून ते सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "हें आयकूंक पयशे कित्याक? घरांत फुकट आयकूंक मेळटा!" लोक हसले, कोणी टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्यांवर ते बाहेर पडले आणि मागून काकीला यावे लागले. दुसऱ्या खेपेची संधी आली नाही. सिनेमा तीन दिवसांत उतरला आणि पुन्हा कुठे लागला नाही.

मध्यंतराला ती पडद्यावरची बाई सासर सोडायचे ठरवून, कपड्यांचे बोचके घेऊन नदीच्या धक्क्यावर उभी होती आणि समोरून होडी येत होती. काकीच्या मनात ती तिथेच उभी राहिली. पोदेराकडून पाव घेताना, तांदूळ निवडताना ती मध्येच विचारी, "मागीर तिचें कितें जालें आसतलें?" घरमालक म्हणत, "कितें जातलें? घरा परत गेली." काकीच्या मते ती होडीत चढणारच: "वतली ती. बोचकें बांदलां न्हय?" "बोचकें सोडूंकय येता." "तुमी सोडून दाखयात!" हे भांडण मी भिंतीपलीकडून इतक्या वेळा ऐकले की ती बाई मला घरातलीच एक वाटू लागली.

एका उन्हाळ्यात काकी गेली. आजारपण लांबले नाही. घरमालकांनी सभांना जाणे चालू ठेवले, पण भाषणे आखूड झाली. घरात ते आता शुद्ध मराठीच बोलत, कारण बोलायला मीच होतो. मांजरालाही त्यांनी काही म्हणणे सोडले. तंबूतला सिनेमा आला की तंबूवाल्याला गाठून विचारत, "तो होडीचा सिनेमा कुठे मिळेल?" तंबूवाला दुसऱ्याच एखाद्या होडीच्या सिनेमाचे नाव सांगे. भाषेचा वाद रस्त्यावर आला, बंद झाले, टायर जळले. कोंकणीचा राजभाषा कायदा झाला त्या दिवशी घरमालकांनी दुकान उघडले नाही. पुढे गोवा राज्य झाले. त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर एक निवेदन आले: मुळगावातली काही कोंकणीवादी मुले शाळेच्या सभागृहात एक जुना कोंकणी सिनेमा दाखवणार होती. तोच होता.

मी त्यांना सांगितले. ते बराच वेळ एक कुलूप उघडत आणि लावत राहिले. "बातमी पक्की आहे? दोन ठिकाणी विचारलंत?" मी हो म्हटले.

रविवारी दुपारी ते चेहऱ्यापुढे छत्री धरून निघाले, मागे मी. त्या हंगामात छत्री वापरणारा तालुक्यात एकच माणूस असल्याने सर्वांनी त्यांना लांबूनच ओळखले. दारातल्या मुलांपैकी एकाने विचारले, "भाऊ, तुमी? कोंकणी सिनेमाक?" घरमालक म्हणाले, "मी सिनेमा पाहायला आलोय, भाषा ऐकायला नाही."

खिडक्यांना काळी कापडे लावली होती. पडद्यावर रेघांचा भरपूर पाऊस होता. चुलीपुढची बाई बोलू लागली तसे घरमालक पुढे वाकले आणि शेवटपर्यंत तसेच राहिले. मध्यंतरात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी छत्री ठेवली. तिथे कोणी बसलेले नव्हते, कोणी परत येणारही नव्हते.

मध्यंतरानंतर होडी धक्क्याला लागली. बाईने तिच्याकडे पाहिले आणि वळून घराची वाट धरली. घरमालकांनी मला कोपर मारले. "बघा! मी काय म्हणत होतो?" बाई घरी पोचली. तिने गोठ्यात जाऊन गायीपुढे पाणी ठेवले, चूल विझवली, दार ओढून घेतले आणि पुन्हा धक्क्यावर आली. होडी थांबलेली होती. ती चढली. घरमालकांचे कोपर हळूहळू खाली गेले.

घराजवळ आल्यावर ते म्हणाले, "तुमच्या काकीचंच खरं होतं." मग थोड्या वेळाने, "आता हे सांगायचं कुणाला?"

मी माझ्या खोलीकडे वळलो. मला बातमी पाठवायची होती. ते चुलीपाशी गेले, भांड्याचा आवाज झाला, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी मला अरे म्हटले.

"बस रे. च्या करतां. कितें तरी उलय."

"कितें उलोवूं?" काय बोलू, हे मीही कोंकणीतच विचारले.

"कितेंय," ते आतूनच म्हणाले. "मासळेचें उलय. पावसाचें उलय."