जागा धरणारं मीठ

आमच्या घरात तीन पिढ्यांनी मीठ पिकवलं आणि मी मीठ विरघळवायचा पगार घेते. हे बाबांना सांगायची माझी हिंमतच होत नव्हती. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की लेक प्रयोगशाळेत मोडक्या हाडांसाठी काहीतरी बनवते.

एकदा ते पेणहून माझं काम बघायला आले. मी सांगत गेले: शरीरात हळूहळू विरणारं प्लॅस्टिक पातळ करायचं, त्यात हाडातल्याच खनिजाची पूड आणि मिठाचे दाणे कालवायचे, वडी थापायची, आणि वाळली की पाण्यात बुडवायची.

"पान्यात?" बाबा ओरडलेच. "अगं, अवकाळी पावसाचा थेंब पडला तरी आम्ही मिठागराकडं धावायचो!"

"मीठ जावं म्हणूनच घालतो, बाबा!" मीही तडकले. आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही.

मग मी एक तयार वडी भिंगाखाली ठेवली. मिठाचा दाणा जिथे जिथे होता, तिथे आता बारीक भोक होतं. ही वडी मोडक्या हाडाच्या जागी बसवली, की माणसाचं स्वतःचं हाड वाढत येऊन त्या भोकांत शिरतं, असं मी म्हटलं. बाबा बराच वेळ वाकून बघत राहिले आणि एकदम खो खो हसत सुटले.

संध्याकाळी मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागताच त्यांनी खिडकीतून सीटवर रुमाल टाकला आणि गर्दीतून मला ओरडून सांगितलं, "बघ, मीठ टाकलं! आता हाड चढतंय!"