यांची पन्नाशी चंदेरीच्या कड्यावर

पन्नाशीची शांत करायची नाही, असं यांनी दिवाळीतच जाहीर केलं आणि आमच्या घरात पुढे पंधरा दिवस दुसरा विषय निघाला नाही. यांचे थोरले बंधू त्यासाठी मुद्दाम पुण्याहून आले.

"अरे, पन्नासावं म्हणजे वैष्णवी शांत. होमहवन, चार गुरुजी, निदान शंभर पान. रीत आहे ती."

"रीत आहे, पण हौस नाही," हे म्हणाले. "मी त्या दिवशी चंदेरीवर जाणार आहे."

"चंदेरीवर? तिथं काय आहे?"

"ते गेल्याशिवाय कसं सांगू?"

अंबरनाथ-बदलापुरात राहणाऱ्याला चंदेरीची ओळख करून द्यावी लागत नाही. आमच्या मागच्या दारी भांडी घासायला बसलं की दक्षिणेकडची सगळी डोंगररांग समोर असते आणि तिच्यात मध्येच हा सुळका, रांगेतून एकटाच उठून उभा राहिल्यासारखा. बारा वर्षं आम्ही तो पाहत होतो. पावसाळ्यात तो दिसेनासा व्हायचा, गणपतीनंतर धुऊन पुसून पुन्हा हजर व्हायचा. त्याच्यावर माणसं जातात, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

"मीही येणार," मी म्हटलं.

"तू?" यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मग डबा कोण बांधणार?"

थोरले भाऊजी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पुण्याला परत गेले.

हे इथल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहेत. म्हणजे तयारी कागदावरच सुरू झाली. वांगणी स्टेशन, चिंचोली गाव, ओढा, खिंड, गुहा, सगळं पेन्सिलीनं आखून झालं. ऑफिसातला एक जण पूर्वी गेला होता, त्याला विचारून विचारून यांनी त्याला भंडावून सोडलं. पायांना सवय व्हावी म्हणून आम्ही रोज सकाळी मोरिवलीपर्यंत चालत जायचो, कारखान्यांच्या कुंपणाकडेनं. नवराबायको हातात काही नसताना झपाझप कुठे जातात, म्हणून मोरिवलीच्या बायका विहिरीवरून बघत राहायच्या.

सामानासाठी पाठीला अडकवायच्या पिशव्या हव्या होत्या. बाजारात तसलं काही मिळेना. म्हणून मी उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात पारपतीबाईंकडे गेले. त्या सिंधी. फाळणीनंतर नवऱ्याबरोबर आल्या आणि बराकीतल्या एका खोलीत शिवणयंत्र टाकून बसल्या. माझी पोलकी त्याच शिवतात. मला 'अदी' म्हणतात, म्हणजे त्यांच्यात बहीण. लष्कराच्या जुन्या तंबूचं कापड त्यांच्याकडे पडलं होतं.

"इतनी मजबूत थैली? अदी, डाका डालना है?"

"डोंगरावर जायचंय. साहेबांची पन्नाशी आहे."

त्यांनी यंत्राचं चाक थांबवलं. "ऊपर? एकदम ऊपर?" आणि मग त्यांच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "आमच्या गावात पहाड नाय. जमीन एकदम रोटी सारखी सीधी. मी पण येनार."

मी दोन पिशव्या सांगितल्या होत्या, त्यांनी तीन शिवल्या. शिलाईचे पैसे घेतले नाहीत.

पौषातला तो दिवस उजाडायच्या आधी आम्ही स्टेशनवर होतो. पहाटेची कर्जतकडची गाडी जवळजवळ रिकामी असते. कुणी जाणार असेल तर हीच धरा, कारण ऊन चढायच्या आत ओढा गाठलेला बरा. वांगणीचं तिघांचं जाऊन-येऊन तिकीट घरात महिन्याला लागणाऱ्या रॉकेलपेक्षा स्वस्त पडलं. त्यापलीकडे त्या दिवशी आम्हांला खर्च करायची वेळच आली नाही.

वांगणीला उतरल्यावर चहा घ्या. पुढे मिळत नाही. स्टेशनसमोर एकच दुकान होतं आणि त्याच्या चहात आलं सढळ होतं. तिथून चिंचोलीपर्यंत शेतांतून वाट जाते. भात निघून गेलेलं, खाचरांत वाल टरारून आलेला, बांधांवर दव. मी मुद्दाम नऊवारी नेसले होते, पाय मोकळे राहतात. पारपतीबाईंचा सलवार-कुडता तर या कामासाठीच शिवल्यासारखा. यांनी नवे कॅनव्हासचे बूट घातले होते आणि दर बांधावर कागद काढून बघत होते.

चिंचोलीच्या विहिरीवर एक बाई पाणी भरत होती.

"कं निंघालाव?"

"चंदेरीवर," हे म्हणाले.

"बायामानसा घेऊन? वर काय हाय? दगूड हाय नं वारा हाय." मग तिनं कळशी खाली ठेवली आणि हात लांब करून दाखवलं. "ह्यो व्हळ सोडू नका. व्हळानंच वर जा. खिंड लागंल. तिथून कड्याच्या अंगानं."

यांचा कागदही तेच सांगत होता. यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला कागद दाखवला. ती हसली आणि कळशी उचलून गेली.

ओढा कोरडा होता. आधी लहान गोटे, मग पाटे-वरवंट्याएवढे, मग घरातल्या कपाटाएवढे धोंडे. हातपाय दोन्ही लागतात. वर वर जावं तसं झाडी दोन्ही बाजूंनी जवळ येते आणि मध्येच कुठेतरी फांद्या बाजूला होऊन तो सुळका दिसतो. घरून दिसतो तो नव्हे. घरून तो बोटाएवढा दिसतो. इथे मान मागे टाकली तरी त्याचा शेवट नजरेत मावत नव्हता. काळा, उभा, त्याच्या कपारीकपारीतून घारी सुटत होत्या आणि त्या घारी माश्यांएवढ्या दिसत होत्या. आम्ही तिघंही कुणी न सांगता थांबलो. पारपतीबाईंनी डोक्यावरून ओढणी घेतली, देवळात घेतात तशी.

"हे रोज आपल्याला दिसतं," मी यांना म्हटलं.

"नाही," हे हळूच म्हणाले. "हे आपण आज पाहतोय."

शेवटचा चढ घसाऱ्याचा आहे. एक पाऊल वर जावं तर अर्धं मागे येतं. तिथे घाई करू नये. मी दोनदा बसले, पारपतीबाई चार वेळा, आणि दर वेळी त्या सिंधीत कुणालातरी शिव्या घालून पुन्हा उठल्या. मग एकदम समोर आकाश आलं. खिंड.

खिंडीत वाऱ्यानं आधी पदर काढून घेतला, मग बोलणं. ज्या बाजूनं आलो त्या बाजूला आमचं सगळं जग होतं, उल्हास नदीचं वळण, रुळांची रेघ, कारखान्यांची धुराडी. आणि पलीकडे, जिकडचं मला काहीच माहीत नव्हतं, तिकडे डोंगरामागे डोंगर, प्रबळगड, माथेरानचं पसरट पठार, त्यामागे निळे, त्यामागे नुसते धुराच्या रंगाचे. मी चाळिशीला आले होते आणि माझ्या परसामागे एवढी पृथ्वी आहे, हे मला त्या क्षणी कळलं. दशम्या आणि लसणीची चटणी मी बांधून नेली होती. पारपतीबाईंनी कोकी आणली होती, म्हणजे कांदा घातलेली त्यांची जाड पोळी. ती शिळी जास्त चांगली लागते. पण खाताना कुणाचं लक्ष खाण्यात नव्हतं.

गुहेकडे जाणारी वाट इथून कड्याला चिकटून जाते. बहुतेक ठिकाणी ती बरी आहे. एका ठिकाणी मात्र जेमतेम पाट मांडता येईल एवढी रुंद उरते. एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला काही नाही. म्हणजे खरंच काही नाही, खूप खाली झाडांचे शेंडे. जाणाऱ्यांनी इथे पावसाळ्यात येऊ नये, आणि पिशवी पाठीलाच ठेवावी, हात मोकळे लागतात.

पारपतीबाई पुढे होत्या. त्या कातळाला गाल लावून, काहीतरी पुटपुटत, पलीकडे गेल्या. त्यांच्या मागे मी. पलीकडे पोचल्यावर वळून पाहिलं तर हे अजून अलीकडेच होते. उभे नव्हते, खाली बसले होते. दोन्ही हातांनी गवताचे झुबके धरलेले, चेहरा पिठासारखा.

"काय झालं? पाय मुरगळला का?"

"तुम्ही दोघी जा. मी बसतो इथंच."

मी परत आले. परत येताना जास्त भीती वाटली, कारण आता खाली काय आहे ते माहीत होतं. त्यांच्या शेजारी बसले. हात बर्फासारखे झाले होते. कौलं शाकारायला ते कधी शिडीवर चढत नाहीत, दर वर्षी माणूस लावतात, त्याचं कारण मी इतकी वर्षं 'ऑफिसातून दमून येतात' असंच समजत होते.

"उंचीचं भय आहे मला," ते म्हणाले. "लहानपणापासून. कुणाला बोललो नाही."

"मग हाच डोंगर कशाला काढलात? नदीकाठी गेलो असतो!"

"पन्नास वर्षं झाली ना," ते म्हणाले.

वारा वाहत होता. पलीकडून पारपतीबाई काहीतरी ओरडत होत्या, शब्द येत नव्हते. थोड्या वेळानं हे म्हणाले, "तू बघून ये. आणि मला सगळं सांग. तू चांगलं सांगतेस."

मला रडू आलं आणि रागही आला. दोन महिने जो माणूस कागदावर रेघा मारत होता, त्याला मी खाली नेऊन काय सांगणार होते?

"सांगणार नाही," मी म्हटलं. "बघायचं असेल तर चला. चालू नका, बसून या. कोण बघतंय?"

"पारपतीबाई बघतायत."

"त्यांनी मघाशी अख्ख्या डोंगराला शिव्या घातल्या. त्या काय तुम्हांला हसणार?"

ते हसले. मग आम्ही निघालो. मी पुढे, मागे तोंड करून, आणि ते बसल्या बसल्या, कातळाला पाठ लावून, इंचाइंचानं सरकत. खाली बघू नका, असं मी म्हटलं नाही. म्हटलं की माणूस बघतोच. मी बोलत राहिले. परसातल्या शेवग्याला या वर्षी शेंगा कमी लागल्यात. दूधवाला पाणी घालतो. दिवाळीची करंजी तुमच्या भावाला तिखट लागली, कारण मीच चुकून सारणाला तिखटाचा हात लावला. ते एकेका वाक्याला "हं" म्हणायचे आणि एकेक वीत पुढे यायचे. सर्वांत अरुंद जागी ते थांबले. डोळे मिटले. मी बोलायची थांबले, कारण मला काही सुचेना.

"पुढे सांग," ते म्हणाले. "दूधवाल्याचं."

मी दूधवाल्याचं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग पारपतीबाईंचा शिवणकाम करून राठ झालेला हात आला, त्यांनी यांचं मनगट धरलं. "आ जाओ, अदा," म्हणजे भाऊ, आणि हे पलीकडे आले.

गुहा लहान आहे, आठ-दहा माणसं टेकतील एवढी. जवळच कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. पाणी इतकं गार की दात दुखले. हे आधी गुहेच्या आत भिंतीला टेकून बसले, डोळे मिटूनच. बऱ्याच वेळानं ते स्वतःच उठले, तोंडाशी आले, कातळावर तळहात टेकले आणि त्यांनी पाहिलं.

किती वेळ पाहिलं, सांगता येणार नाही. ऊन कलत होतं आणि डोंगरांच्या सावल्या खालच्या शेतांवर पसरत होत्या, पाण्यासारख्या, आवाज न करता. एक आगगाडी वांगणीकडून बदलापूरला चालली होती, मुंगळ्यांची रांग जावी तशी. तिच्या शिटीचा आवाज आमच्यापर्यंत आलाच नाही. यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्यांनी कातळावरचा हात काढला आणि हात काढलाय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"मी इतके दिवस हे एवढंसं कागदावर काढत होतो," ते म्हणाले. "कुणी मला सांगितलंच नाही, हे एवढं मोठं आहे."

पारपतीबाई दूरवर बोट दाखवून आपला कॅम्प कुठला ते विचारत होत्या. मी त्यांना बराकींच्या रांगा दाखवल्या, उन्हात भुरकट, काडेपेट्या मांडून ठेवल्यासारख्या. त्यांनी हात लांब केला आणि तळहातानं सगळा कॅम्प झाकला. हात काढला. पुन्हा झाकला.

"इतना सा है?" त्या म्हणाल्या. "मैं समझी थी, अब सारी दुनिया यही है."

उतरताना हे त्या जागेवरून पुन्हा बसूनच आले, पण या वेळी मला बोलावं लागलं नाही. घसाऱ्यावरून आम्ही तिघंही लहान पोरांसारखे घसरत आलो. चिंचोलीत सकाळची ती बाई घरच्यांबरोबर शेताच्या कडेला पोपटी लावून बसली होती. मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला, वरून जाळ. तिनं आम्हांला बोलावून बसवलं.

"वर जावन आलाव? बाया बी?"

"मीच मागे राहिलो होतो," हे म्हणाले. "या दोघींनी मला नेलं."

तिचा घरधनी हसत सुटला आणि त्यानं यांच्यापुढे सर्वांत जास्त शेंगा ओतल्या. त्या शेंगांची चव मी शब्दांत मांडायला जाणार नाही. पौषात त्या बाजूला गेलात आणि कुणी बोलावलं, तर नाही म्हणू नका.

दुसऱ्या दिवशी हे नेहमीच्या वेळेला कामावर गेले. माझे गुडघे आठवडाभर जिना चढताना बोलत होते. थोरल्या भाऊजींना आम्ही पत्रानं कळवलं. त्यांचं उत्तर आलं नाही. अजूनही हे शिडीवर चढत नाहीत. कौलं शाकारायला माणूसच येतो. भय काही गेलेलं नाही आणि ते गेलं असं मी इथे लिहिणारही नाही. फरक एवढाच की आता हे ते लपवत नाहीत. शेजारच्यांनाही सांगतात, "मला उंचीचं भय वाटतं, पण चंदेरीवर जाऊन आलोय."

पुढच्या एका रविवारी चहा पिताना यांनी मला विचारलं, "तुझा वाढदिवस कधी असतो गं?"

लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती. हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता, यांनी तर नाहीच.

"तारीख माहीत नाही," मी म्हटलं. "आई म्हणायची, तुझ्या वेळी अंगणात भात झोडत होते."

यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मग तूच ठरव. दिवसही तुझा आणि डोंगरही तुझा."

मी कपबश्या उचलून मागच्या दारी आले. बदलापूरच्या बाजूपासून थेट माथेरानपर्यंत सगळी रांग उन्हात मोकळी उभी होती. कपबश्या तशाच बाजूला ठेवल्या आणि पायरीवर बसून मी एका टोकापासून बघायला सुरुवात केली.