कुलपातल्या गोळ्या

लग्नाआधीपासून मला थायरॉईडची गोळी चालू होती. सकाळी उपाशीपोटी एक, एवढंच. दिवस गेले तेव्हा मी कोल्हापुरात एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. उलट्यांनी बेजार झाले, म्हणून रजा काढून कागलला सासरी गेले. तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी गोळ्यांची बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"पोटुशी बाईनं असल्या गोळ्या खायच्या न्हाईत. पोरावर परिणाम हुतोय."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, आईनं चार बाळंतपणं काढल्यात, तिला कळतंय की. आणि मी, बी.कॉम. झालेली बाई, गप्प बसले. त्याचा राग अजून जात नाही.

चौथा महिना सरताना कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि मला चांगलंच झापलं. सुरुवातीचे महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं हार्मोन आईच्याच रक्तातून जातं, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. डोस वाढवून गोळी लगेच सुरू झाली. पण गेलेले महिने गेलेच.

मुलगी उशिरा चालली, उशिरा बोलली. आता दुसरीत आहे. अंक म्हणताना बाराच्या पुढं अडकते आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते. गोळी बंद केल्यानंच हे झालं का, असं मी मुलांच्या डॉक्टरांना विचारलं. असू शकतं, पण खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही, म्हणाले. सासूबाईंनी तेवढंच धरलं. आल्यागेल्याला सांगायला लागल्या, तिच्या माहेरचंच असणार.

गेल्या वर्षी धाकट्या जावेला दिवस गेले. तिलाही थायरॉईड निघाला. सगळे जेवत असताना सासूबाईंनी पुन्हा गोळी बंद करायचा विषय काढला. मी वाढायची थांबले.

"तिच्या गोळीला हात लावायचा न्हाय," मी म्हणाले. "माझ्या लेकीचं नुकसान तुम्ही केलं आणि मी करू दिलं. आता बास."

सासरे ताटावरून उठले. नवरा भात कालवत राहिला. दुसऱ्या दिवशी मी जावेला कोल्हापूरला माझ्याकडं आणलं आणि तिनं गोळी गिळेपर्यंत रोज समोर उभी राहिले. तिचा मुलगा आता रांगतो, हाक मारली की वळून हसतो. मी त्याला उचलून घेते, आणि माझी लेक या वयाची असतानाची आठवते.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. नवरा म्हणतो, आईचं वय झालंय, सोडून दे. मी सोडणार नाही.