रविवारची उत्तरं

नगरला माझ्या धाकट्या बहिणीची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी तिने निम्मी मशिनं काढून टाकली, तिथे कॉम्प्युटर आणले आणि त्यातल्या एकाला इंटरनेट जोडून घेतलं. मी तेव्हा जामखेड तालुक्यात प्राथमिक शिक्षिका होते. आठवडाभर जामखेडला खोली करून राहायचे आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीने नगरला घरी यायचे. रविवारी इन्स्टिट्यूट बंद असे. बहीण कुलूप उघडून मला त्या कॉम्प्युटरसमोर बसवायची आणि स्वतः फरशी पुसायला घ्यायची.

तिथेच मला मराठी माणसांचा तो गट सापडला. एकाने लिहिलेलं पत्र गटातल्या सगळ्यांना जायचं. बरेचसे लोक अमेरिकेत, काही आखातात, काही पुण्याकडे. सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. त्यामुळे गंमत व्हायची. पुण्याच्या एका बाईंनी 'navin math, madat havi' असा मथळा देऊन नव्या माठात पाणी गार होत नाही म्हणून विचारलं, तर अमेरिकेतल्या एका गृहस्थांनी पत्र न उघडताच गणिताच्या शिकवणीचा सल्ला पाठवला. कुणी विचारायचं, तिकडच्या मैद्याच्या पिठात पुरणपोळी फाटते ती का. कुणी विचारायचं, आईवडिलांच्या रेशनकार्डावरून आपलं नाव काढावं की राहू द्यावं. आणि या सगळ्याच्या मधूनमधून राजकारण. दिल्लीतलं सरकार एका मताने पडलं तेव्हा तर माठ आणि पुरणपोळ्या महिनाभर बाजूला पडल्या.

मी आठवड्याची पत्रं छापून घ्यायचे. तो लांबलचक कागद घडी करून एसटीत वाचायचे, आठवडाभर वहीत उत्तरं लिहायचे आणि पुढच्या रविवारी टाइप करून पाठवायचे. तोपर्यंत भांडण विझून गेलेलं असायचं, मी ते पुन्हा पेटवायचे. गटात त्याला 'बाईंची रविवारची उत्तरं' म्हणत.

माझा कायमचा विरोधक एक इंजिनिअर होता, अमेरिकेत राहणारा. त्याचा पक्ष वेगळा, माझा कल वेगळा. त्याचं म्हणणं, खेड्यातल्या माणसाला मताची किंमत कळत नाही, तो कुणी सांगेल तिथे शिक्का मारतो. हे वाचून मी चिडले. आमच्या घरात धर्मांतरानंतर शाळेत गेलेली पहिली पिढी माझ्या वडिलांची. ते मत द्यायला धुतलेलं पांढरं धोतर नेसून जायचे आणि परत आल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. मी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. शेवटी ठणकावलं की, मी स्वतः मतदारयादीच्या कामाला घरोघर फिरलेली आहे, माझ्या हातून एक नाव सुटलेलं नाही. तिकडे बसून काळजी करणाऱ्यांनी एकदा उन्हात फिरून बघावं.

दोन आठवड्यांनी त्याचं पत्र आलं, गटाला नाही, फक्त मला. त्यात भांडण नव्हतं. त्याचं गाव माझ्याच तालुक्यातलं, खर्ड्याच्या अलीकडचं निघालं. आई तिथे एकटी राहते. निवडणुका तोंडावर आल्या आहेत आणि तिचं नाव यादीत नाही असं शेजाऱ्याने फोनवर सांगितलं. काय करावं लागतं, एवढंच त्याने विचारलं होतं. गाव वाचून मी जरा थबकले. त्या गावात यादीचं काम मीच केलं होतं. पण कामं खूप गावांत केली होती, म्हणून फार विचार केला नाही. नाव नोंदवायला नमुना सहाचा अर्ज भरावा लागतो, मी स्वतःच जाऊन भरून घेते, असं कळवलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी गेले. पत्र्याचं नीटनेटकं घर, दारात कडुनिंब. त्याच्या आईने मला पाहिलं आणि घोंगडी अंथरली.

"तुमी मागं यादी लिवायला आल्तात न्हवं?" त्या म्हणाल्या. "मी लेकीकडं गेल्ते. आल्यावर शेजारनीनं सांगितलं, बाई येऊन गेल्या म्हनून."

त्यांनी चहा टाकला आणि मी अर्ज काढला. नाव लिहिताना सहज विचारलं, याच नावाचं गावात आणखी कुणी आहे का. हुती की, त्या म्हणाल्या, चुलत जाऊ. नाव तेच, आडनाव तेच. ती वारली त्याला आता चार पावसाळे झाले.

मला ती दुपार आठवली. या घराला कुलूप होतं. पलीकडच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला मी यादीतलं नाव वाचून दाखवलं होतं आणि तो म्हणाला होता, ती गेली. मी नवऱ्याचं नाव न विचारता पुढे निघाले होते.

तरीही खात्री करायला दुसऱ्या दिवशी तहसीलमध्ये गेले. ओळखीच्या कारकुनाने जुनी प्रत काढून दिली. नावावर लाल रेघ, समासात 'मयत', आणि खाली माझी सही. वारलेल्या जावेचं नाव मात्र तसंच यादीत होतं. जिवंत बाईला मी मारलं होतं आणि गेलेलीला मताचा हक्क ठेवला होता.

त्या आठवड्यात मी रोज वहीत पत्र लिहिलं आणि रोज पान फाडलं. न सांगताही चाललं असतं. नाव तर लागणारच होतं. पण ते ठणकावणं सगळ्यांसमोर केलं होतं. रविवारी मी गटालाच लिहिलं. एक नाव सुटलं नाही असं मी म्हणाले होते, ते खोटं ठरलं; ते नुसतं सुटलं नाही, मी स्वतः खोडलं, आणि ते गटातल्याच एकाच्या आईचं होतं. पत्र पाठवल्यावरही मी खुर्चीतून उठले नाही. बहीण म्हणाली, "आता जेवायला चल. व्हायचं ते होऊन गेलं."

पुढच्या रविवारी त्याचं उत्तर होतं. त्याने लिहिलं होतं, "बाई, मी गेली सात वर्षं घरी गेलो नाही. आईच्या दारात तुम्ही दोनदा गेलात. माझा बोलायचा अधिकार तुमच्यापेक्षा कमी आहे." खाली नेहमीसारखा माझ्या पक्षाला एक चिमटा होताच. तो वाचून मला एकदम हलकं वाटलं.

पुरवणी यादीत नाव आलं. मी मुद्दाम जाऊन तो कागद त्यांना दाखवला, त्यांच्या नावाखाली बोट ठेवून वाचला. त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "म्हंजी मी परत आले."

मतदानाला माझी ड्युटी दुसऱ्या गावी होती. नंतर भेटायला गेले तेव्हा कळलं, त्या सकाळी पहिल्या पाचांत होत्या. मुलगा फोनवर म्हणाला होता, अमक्याला मत दे.

"मग?" मी विचारलं.

"त्याला म्हनलं, व्हय." त्या हसल्या. "इतक्या लांबून बोलतंय लेकरू, न्हाई कशाला म्हनू? पर शिक्का मला वाटंल तिथंच मारला."

कुठे मारला ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. गटात सांगायचा मोह मात्र झाला. खेड्यातल्या माणसाला मताची किंमत कळत नाही म्हणणाऱ्याला याहून चोख उत्तर मिळालं नसतं. वहीत दोन ओळी लिहिल्याही होत्या. पण ते त्या बाईंचं गुपित होतं, म्हणून मी पान उलटलं.

त्या निवडणुकीनंतर गटात माझ्याकडे अर्जांचं खातंच आलं. कुणाच्या वडिलांची वारसनोंद, कुणाचा जन्मदाखला, कुणाच्या नावातली चूक. मी कुठला नमुना, कुणाची सही, कुठल्या खिडकीवर, ते सगळं कळवायचे, पण आधी जाऊन विचारून घ्यायचे. पाठ आहे म्हणून लिहायची सवय सुटली.

थंडीत तो इंजिनिअर गावी आला. आईने मला रविवारी जेवायला बोलावलं, म्हणून त्या आठवड्यात नगरला गेलेच नाही. पत्रांतून तो मला उंच, करड्या आवाजाचा वाटायचा. निघाला बुटका आणि लाजरा. ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं होतं. पहिल्या घासालाच आमचं सुरू झालं, तेच सरकार, तेच पक्ष. समोरासमोर बोलताना उत्तराला आठवडा मिळत नव्हता, त्यामुळे मी दोनदा हरले.

त्याच्या आईने थोडा वेळ ऐकलं, मग आमच्या दोघांच्या मध्ये भाकरीची टोपली सरकवली.

"गार व्हायलीय," त्या म्हणाल्या. "आधी खावा."