मी तेलाचं नाव घेतलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. संघटनेतल्या मैत्रिणींजवळ नाही, आईजवळ नाही. माईक हातात आला की मी थांबत नाही, पत्रक तर एका बैठकीत लिहून होतं — आणि इथे कालपासून पहिलाच परिच्छेद खोडतेय. ज्या बाईला हे आधी सांगायला हवं, तिच्या आधी तुम्हाला सांगतेय. हाही भ्याडपणाच. तोही मोजा.

मी बुलढाण्यात राहते. आमची आरोग्य हक्काची छोटी संघटना आहे. आमचा मुख्य राग कट प्रॅक्टिसवर — डॉक्टर पेशंटला तपासणीला पाठवतो आणि तपासणी करणाऱ्याकडून आपला वाटा घेतो. हे चालतं. मला आजही त्याची चीड आहे, आणि ती खोटी नाही. आमच्या पत्रकात एक चौकट होती, ती मी लिहिलेली: "डॉक्टरने चिठ्ठीवर ठरावीक ठिकाणाचं नाव लिहून दिलं, की समजा कट आहे. जाऊ नका. आधी आम्हाला विचारा."

आम्हाला विचारा. कोण होतो आम्ही? बी.ए. झालेली मी, आणि माझ्यासारखेच चार-पाच जण.

पण लोक विचारायचे. संदीपदादानं विचारलं.

संदीपदादा डोणगावचा. अडतीवर हमाली करायचा, आणि आमची सभा असली की पोरं गोळा करून आणायचा. त्याची मुलगी आरू साडेतीन वर्षांची होती. तिच्या गुडघ्याच्या वर सूज आली. खेळताना पडली असेल, असं सगळ्यांना वाटलं. वंदनावहिनीनं, म्हणजे तिच्या आईनं, घरोघरी करतात तेच केलं. तिळाचं तेल कोमट करून लावलं, वर रुईचं पान शेकून बांधलं. आठवडाभर. सूज उतरेना आणि पोरगी रात्री पाय धरून रडायला लागली, तेव्हा वहिनीच नवऱ्याच्या मागे लागली आणि लेकराला बुलढाण्याला मुलांच्या डॉक्टरकडे घेऊन आली. एवढं लक्षात ठेवा. आठवडा झाल्या-झाल्या. तिनंच आणलं.

डॉक्टरनं एक्स-रे काढला आणि चिठ्ठी लिहून दिली. एमआरआय करा, हाडाचा तुकडा काढून तपासून घ्या, वेळ घालवू नका. खाली मोठ्या शहरातल्या एका दवाखान्याचं नाव. तिथून ते दोघं बसस्टँडवर जायचं सोडून आधी माझ्याकडे आले. का नाही येणार?

मी चिठ्ठीवरचं नाव पाहिलं. एक्स-रेचं पाकीट उघडलंही नाही. उघडून मला काय कळणार होतं — पण मग आपल्याला कळत नाही, एवढं तरी तोंडातून निघायला नको होतं? मी हसले. म्हणाले, "दादा, पत्रकं तुम्हीच वाटता आणि फसताही तुम्हीच?"

संदीपदादा ओशाळला. वहिनी ओशाळली नाही. आरू तिच्या मांडीवर झोपली होती, त्या पायाखाली तिनं पदराची घडी सरकवलेली होती.

"ताई, डॉक्टर घाईचं म्हणून राह्यला होता," ती म्हणाली. "फोटो पाहून त्याचं तोंडच उतरलं."

मी तिला समजावलं की घाबरवणं हाच त्यांचा धंदा असतो. आणि वर म्हणाले — एवढ्याशा लेकरांना कुठे हाडाचा कॅन्सर होतो, वहिनी?

कुठे वाचलं होतं मी हे? कुठेच नाही. ठसक्यात बोललं की खरं वाटतं, हे मला सभांनी शिकवलं होतं.

तुम्हाला वाटेल, एवढीच चूक. चूक होते माणसाकडून. थांबा.

पुढच्या बाजाराच्या दिवशी डोणगावला आमची सभा होती. मी संदीपदादाला वर बोलावलं, आरूला कडेवर घेऊन. चिठ्ठी उंच धरायला लावली. माझ्या सांगण्यावरून त्यानं ती सगळ्यांसमोर फाडली. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी आरू दचकली, तिचा पाय बापाच्या कोपराला लागला आणि ती किंचाळून रडायला लागली. आणि मी — मी माईकवर म्हणाले, बघा, लेकरूसुद्धा रडून सांगतंय, आता ही लूट बास. लोक हसले. वहिनी भाजीच्या पालांपाशी उभी होती. तिनं टाळी वाजवली नाही. हे मी पाहिलं, आणि मनात म्हणाले, बाई अजून तयार झालेली नाही.

ही सभा दिवाळीच्या आधीची. संक्रांतीपर्यंत आरू पाय टेकवेनाशी झाली. मधे वहिनीचे फोन आले. मी कॅल्शियमचं औषध सांगितलं. दूध वाढवा म्हणाले. एकदा फोन उचललाच नाही, मोर्चाची तयारी होती. शेवटी तिनं कुणाला न विचारता पोरगी उचलली आणि त्या फाडलेल्या चिठ्ठीवर नाव होतं त्याच दवाखान्यात निघाली. संदीपदादानं मला गयावया करून सोबत यायला सांगितलं, कारण सरकारी योजनेचे कागद मला जमतात. जमतातच. मी भांडून कॉट मिळवली. वहिनीनं माझे हात धरले. मला बरंही वाटलं.

तपासण्या झाल्या. हाडाचाच कॅन्सर होता, आणि तो फुप्फुसात पोचला होता. तिथली डॉक्टर माझ्याहून थोडीच मोठी असेल. ती रागावली नाही. तिनं नुसतं विचारलं, "सूज इतकी जुनी आहे, मग इतके दिवस कशात गेले?"

संदीपदादानं खाली पाहिलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं.

ती आता सांगणार, असं मला वाटलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं? संघटना होती का? चळवळ बदनाम होईल ही भीती होती का? असती तर आज तेवढं तरी म्हणता आलं असतं. मला फक्त त्या डॉक्टरसमोर मूर्ख दिसायचं नव्हतं.

मी आधी बोलले. "घरी तेल-मालिश चालू होती, मॅडम. खेड्यात असंच असतं."

इथपर्यंत यायलाच मला इतका वेळ लागला.

डॉक्टरनं मान हलवली आणि वहिनीला शांतपणे सांगितलं की अशी सूज चोळायची नसते. वहिनीचं तोंड उघडलं, आणि मिटलं. का नाही बोलली? कॉट मी मिळवलेली, कागद माझ्या हातात, लेकरू तिच्या मांडीवर. कुणाशी भांडणार होती ती?

माझं ते वाक्य आमच्या आधी डोणगावला पोचल्यासारखं झालं. संदीपदादानं ते घट्ट धरलं. चिठ्ठी त्याच्या हातानं फाटली होती, त्यालाही कशाला तरी धरायचं होतंच. मग सासूनं धरलं. मग गल्लीनं. आईनंच चोळून चोळून पोरीचा आजार अंगभर नेला, असं बाया नळावर बोलायच्या. आरूवर उपचार झाले, केस गेले, वजन गेलं. पोळ्याच्या आधी ती गेली. आणि चिठ्ठी फाडताना टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही ती सभा आठवेना.

मी काय केलं? मी पत्रक काढलं. "सुजेवर तेल चोळू नका, आधी डॉक्टर गाठा." नाव कुणाचं टाकलं नाही. जसं काही गावात नाव छापावं लागतं! पत्रकाचं कौतुक झालं. मूल दगावलं की सगळे बाईकडे बोट दाखवतात, असं याच हातानं मी दुसऱ्या एका पत्रकात लिहिलेलं आहे.

वहिनी आता देऊळगाव राजाला माहेरी असते. सासूनं ठेवलं नाही, संदीपदादानं अडवलं नाही. यंदा त्या बाजूला कामाला गेले होते तेव्हा तिच्याकडे गेले. का गेले, ते मला सांगता येणार नाही. तिनं चहा केला. भाऊ शेतात गेला होता, घरात दोघीच होतो. ती समोर बसली आणि म्हणाली, "ताई, एक विचारू? तुमी शिकलेल्या. मी तेल नसतं लावलं, तं वाचली असती का वो आरू?"

मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. देवाशपथ शोधला. असता तर बरं झालं असतं. नव्हता. मी चिठ्ठी पाहून हसले होते ते तिनं समोर बसून पाहिलेलं, डॉक्टरपुढचं वाक्य तिनं कानांनी ऐकलेलं — आणि तरी नवरा, सासू, गल्ली, माझं पत्रक, सगळ्यांनी मिळून तिला पटवून दिलं होतं.

तेलानं काही झालं नाही, वहिनी. तुम्ही वेळेत आणली होती. मी थांबवलं. एवढंच म्हणायचं होतं. घरात ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. माझं काहीही जाणार नव्हतं.

मी म्हणाले, "कदाचित, वहिनी."

"मलेही तसंच वाटते," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला रिकामा कप घेऊन आत गेली.