नाड्यावरचं वजन

कुरुंद्याच्या शिवारात संतरामइतका हडकुळा माणूस दुसरा नव्हता, आणि त्याच्याइतका जळका तर नव्हताच नव्हता. कुणाची म्हैस व्याली की याचं पोट दुखायचं. कुणाच्या घराला नवी कवाडं बसली की हा आठवडाभर त्या गल्लीनं जायचा नाही. पण ही सगळी येती-जाती जळजळ. मुरलेली, रोज उगाळलेली जळजळ त्यानं एकाच माणसासाठी राखून ठेवली होती, आणि तो माणूस म्हणजे त्याचा थोरला चुलतभाऊ सोनाजी.

आता सोनाजीवर जळावं असं त्याच्याकडे होतं तरी काय? जमीन दोघांची सारखी, दोघांच्याही वावरात हळद. विहीर तर एकच, आजोबांनी पाडलेली, दोन मोटांची. शेजारीशेजारी दोन धावा, एक सोनाजीची, एक संतरामची. फरक होता तो अंगाचा. सोनाजी अवाढव्य होता. तो टेकला की बाज कुरकुरायची, पंगतीत बसला की दोघांची जागा अडायची. गाव त्याला हसायचं. संतरामही हसायचा, पण विहिरीवर आला की त्याचं हसू जिरायचं.

त्याचं कारण मोटेत होतं. मोट म्हणजे चामड्याची थोरली पखालच. ती पाण्यात बुडालेली असते तोवर हलकी वाटते, पाण्याबाहेर आली की बैलांच्या खांद्याला कळते. म्हणून विहिरीच्या काठापासून उतरती धाव केलेली असते. बैल उतारावरून खाली चालतात, मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, ओढला जातो आणि चाकावरून मोट वर येते. उतारामुळे बैलांचं वजनही कामाला लागतं. शिवाय हाकणारा माणूस जुवाजवळ नाड्यावर बसतो, म्हणजे त्याचंही वजन त्यात पडतं. सोनाजी नाड्यावर बसला की मोट कशी आपसूक वर यायची. त्याचे बैल फिरायला निघाल्यासारखे उतरायचे. संतराम बसला काय आणि चिमणी बसली काय, नाड्याला पत्ता लागायचा नाही.

एका साली, म्हणजे दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत, पौषाच्या तोंडाला संतरामच्या तांब्या बैलाचा खांदा आला. जू टेकेल तिथं सूज. हळदीला अजून पाणी हवं होतं, आणि तांब्या बसला असता तर हळद वाळली असती. दुसरा बैल आणायची ऐपत नव्हती. संतराम रात्री तांब्याच्या खांद्याला हळद-तेल चोळायचा आणि चोळता चोळता सोनाजीच्या नावानं पुटपुटायचा.

त्यात एक दिवस भाकरी घेऊन आलेली त्याची बायको, द्वारकाबाई, दोन्ही धावांकडे बघत म्हणाली, "मोठ्या भावजींच्या बैलायला घामसुदिक येत न्हाई. आपला तांब्या काहून असा धापा टाकून राहिला?"

"त्याच्या पोटाला विचार जाऊन," संतराम म्हणाला.

"मंग तुमी बी खात जावा की चार घास जास्ती."

त्यानं खाऊनही पाहिलं होतं. तूप ओतून भाकरी चुरून खाल्ली, शेंगदाणे खाल्ले, पोट बिघडलं, आणि होता तेवढाही वाळला. बायकोनं दुसऱ्याच्या पोटाचं कौतुक करावं आणि आपण ते ऐकत भाकरी मोडावी, हे त्याला फार लागलं. तो तसाच उठला.

दुसऱ्या दिवशी त्यानं उकिरड्याजवळ पडलेली फुटक्या जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, उचलली, गोणपाटात गुंडाळली आणि दोरखंडानं पोटाशी करकचून बांधली. वरून घोंगडी घेतली. थंडीचे दिवस होते, घोंगडीचं कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. सोनाजीला मात्र कळता कामा नये होतं. ज्याच्यावर जळायचं त्याच्यासारखंच व्हायला निघालोय, हे त्यालाच कळलं तर मग जगायचं कशाला!

पहिलीच मोट अशी वर आली की संतरामला गाणं सुचलं. तांब्याची मान सैल होती. बैल झपाझप उतरले, पाणी विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यात, त्या दगडी कुंडात, धबाधब पडलं. संतरामनं तिरक्या नजरेनं शेजारच्या धावेकडे पाहिलं. सोनाजी नाड्यावर बसून डुलत होता. आता बघ म्हणावं, संतराम मनात म्हणाला, आता तुझं काय मोठं राहिलं?

वर मोट रिकामी झाली की खाली पोचलेले बैल मागे मागे वर न्यायचे असतात आणि माणसालाही त्यांच्याबरोबर धाव चढावी लागते. संतराम एरवी ही चढण बैलांच्या आधी चढून उभा राहायचा. आज तळी पोटाशी होती. खाली जाताना जिनं बैलांना मदत केली, तीच आता वर जाताना त्याला मागे खेचत होती. गुडघे भरून आले, तोंड कोरडं पडलं. पण जळणाऱ्या माणसाला आपल्या तकलिफीचा हिशेब लागत नाही. सोनाजीची बराबरी होतेय एवढंच त्याला दिसत होतं.

दुपारपर्यंत पायांत लटपट शिरली. बैलांना मात्र उतरायची चटक लागली होती. त्या खेपेला ते उतारावरून जवळजवळ पळतच निघाले. मोट अजून थारोळ्यावर पालथी व्हायची होती, तोच संतराम घाबरून "हो, हो" म्हणाला. गुणी बैल जागच्या जागी थांबले. संतरामही थांबला असता, पण पोटाशी बांधलेला दगड थांबायला तयार नव्हता. जड वस्तू हलवायला जितकी जड, तितकीच चालती झाल्यावर आवरायला. दगड पुढे गेला आणि संतरामला घेऊन गेला. तो नाड्यावरून उडाला तो थेट बैलांच्या पायात.

तांब्या बुजला. उसळी मारताना घसरून गुडघ्यांवर आला. आता भरली मोट विहिरीत परत निघाली, नाडा वर ओढला जाऊ लागला आणि जुवाची जुंपणी, म्हणजे मानेखालचा पट्टा, तांब्याच्या गळ्यात रुतली. जोडीचा बैल पवळ्या एकटा किती धरणार? संतरामनं धडपडत उठून दोन्ही हातांनी नाडा पकडला. नाड्यानं त्याला मातीतून वर फरफटत नेलं. तांब्याची जीभ बाहेर आली होती आणि संतरामला हाकही मारता येईना, कारण हाक मारायची ती कुणाला?

हाक न मारताच सोनाजी आला. आपले बैल सोडून, मधला बांध ओलांडून, दणदण पाय आपटत. त्यानं वरच्या अंगाला नाडा काखेत धरला, टाचा मातीत रोवल्या आणि खाली बसला. बस, नुसता बसला. नाडा जागच्या जागी थांबला.

"सोड जुंपणी," तो कसाबसा म्हणाला.

संतरामनं जुंपणी सोडली. तांब्यानं मोठा श्वास घेतला, थोडा वेळ तसाच राहिला आणि उभा राहिला. सोनाजीनं नाडा हळूहळू ढिला केला, मोट विहिरीत जाऊन पडली.

तांब्या वाचला. आणि खरं सांगायचं तर त्या घडीलाही संतरामच्या मनात पहिली आली ती जळजळच. यातही हाच मोठा ठरला.

घोंगडी कधीच गळून पडली होती. पोटाशी दगड लटकत होता. सोनाजी तिथंच मातीत बसलेला, घामानं निथळत, छाती भात्यासारखी हलत होती. त्याची नजर गोणपाटावर गेली.

"हे काहून बांधलंस रे संतू?"

आता हा हसणार, गावभर सांगणार. संतराम खाली मान घालून म्हणाला, "तुझ्यावानी वजन पाहिजे व्हतं."

सोनाजी हसला नाही. त्याला बोलायला दम लागत होता, म्हणून तो तुटक तुटक बोलला. "तुझ्या वजनाला गाठ हाय. सोडली की सुटलं. माझ्या वजनाला कुठं हाय गाठ?"

"खाली जाताना मी बैलाच्या कामाचा. वर चढताना सगळं हितं बसतं." त्यानं छातीवर हात ठेवला. "अर्ध्यावर थांबतो मी. बैल थकले असं दाखवतो. तू कसा बैलायच्या आधी वर जाऊन उभा राहतो. म्या तिकडं बघतच न्हाई. लई जळतो रे मी तुझ्यावर."

आपल्यावर कुणीतरी जळावं म्हणून संतराम उभा जन्म झुरला होता. असं जळणारं माणूस रोज शेजारच्या धावेवर होतं, आणि त्याला चढताना संतरामनं एकदाही पाहिलं नव्हतं. पाहायचा तो फक्त उतरताना. आता ते ऐकून आनंद व्हायला हवा होता, पण त्याला सोनाजीच्या तोंडाकडे बघवेना. त्यानं गाठ सोडली. तळी धपकन मातीत पडली.

"ऊठ दादा," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

सोनाजीनं हात धरला. संतरामनं ओढलं, पण सोनाजी हलला नाही. मग त्यानं दुसराही हात लावला, टाचा रोवल्या, दात आवळले आणि सगळा जीव एकवटून ओढलं, तेव्हा कुठं सोनाजी जमिनीपासून सुटला. संतरामचे खांदे भरून आले, डोळ्यांपुढे अंधारी आली. एवढं सगळं हा माणूस रोज सकाळी एकटाच घेऊन उठत होता.