कावळ्याचा पाय

माझ्या माहेरी, वाटूरच्या बाजूला, प्रत्येक घराच्या भांड्यांवर एक खूण असायची. लग्नकार्याला गावभरची भांडी एकत्र व्हायची आणि पंगती उठल्या की ज्याची त्याला परत जायची. लिहिता-वाचता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून नावाऐवजी छिन्नीने ठोकलेली खूण. आमची खूण कावळ्याचा पाय. एका टोकाला मिळालेल्या तीन रेघा, बस.

माझा थोरला भाऊ इंग्रजांच्या पलटणीत भरती झाला, तेव्हा आईला म्हणाला होता, "तिथं बी भांड्यावर आपली खूण घालतो. मंग कुनी पळवायचं न्हाई." ब्रह्मदेशाकडे गेल्यावर त्याची खबर बंद झाली. लढाई संपली, आजूबाजूच्या गावांतले शिपाई परत आले, तो आला नाही. मेला असंही कुणी कळवलं नाही. वहिनी रोज कुंकू लावून वाटेकडे डोळे लावून बसायची, ते माझ्याने बघवत नसे.

अशात चुलत्यांनी जालन्याच्या बाजारातून शेतात भाकरी न्यायला एक डबा आणला. पलटणीतून मोडीत निघालेला, जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. घासून पालथा घातलेला तो डबा आईने पाहिला. बुडावर कावळ्याचा पाय होता.

आमच्या आईने एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. इथे तर सगळं गावच तिच्या बाजूचं. "मानूस जित्ता असता तर त्याचं भांडं बाजारात आलं असतं का?" यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं सासर जुन्या जालन्यात. निरोप मिळून मी पोचले तोवर वहिनीच्या बांगड्या फुटल्या होत्या. देह नव्हता, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. वडील हात जोडून उन्हात उभे राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

तेरावं उरकून मी सासरी आले. पुढच्या बाजाराच्या दिवशी ज्वारी आणायला गेले, तर एका दुकानापुढे लष्करी सामानाचा ढीग पडलेला. सहज एक डबा उचलला. कावळ्याचा पाय. दुसरा उचलला, त्यावरही. पाण्याच्या बाटलीवर, फावड्यावर, सगळ्यांवर तोच पाय!

दुकानदार खेकसला, "घ्यायचं तर घ्या बाई, ढीग कामून उस्कटता?"

"ही खूण कुनाची?"

"सरकारी निशानी हाय ती. इंग्रजाच्या फौजेचा माल म्हनल्यावर बराबर सगळ्यावर असती."

माझं डोकं भणाणलं. त्या इंग्रजाला सगळ्या जगात खूण सापडली ती आमच्याच घरची! त्याचा राग आला, आईचा आला आणि माना डोलावणाऱ्या त्या गावाचा तर फारच आला. एक डबा, एक बाटली घेतली आणि तडक माहेर गाठलं.

ओसरीवर चुलत्यांच्या डब्याशेजारी दोन्ही वस्तू आपटल्या आणि दुकानदाराचं बोलणं सांगितलं. वडिलांनी तिन्ही खुणा बोटाने चाचपल्या. म्हणाले, "म्हंजी पोरगं जित्तं हाय?"

"ते मला ठाव न्हाई बाबा. पन मेलं, ह्याचा बी काही पुरावा न्हाई."

आई उठली, देवघरातून कुंकवाचा करंडा घेऊन आली. वहिनी भिंतीशी ज्वारी निवडत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. आईने बोट कुंकवात बुडवून तिच्या कपाळाकडे नेलं, तसं तिने आईचं मनगट धरलं.

"नको, आत्याबाई. वाट बघू बघू मी रोज मरून राह्यले व्हते. तुम्ही बांगड्या फोडल्या, त्या राती मला पहिल्यांदा झोप लागली. आता पुन्यांदा वाट बघायला लावू नका."